सगळ्यांत आधी घरी जाणारी

"…मग बळीराम पास होतो आणि मी नापास, हे कुठलं गणित, सर?"

मोमीन सर अंगणात खुर्ची टाकून हरभऱ्याच्या डहाळ्याचे घाटे सोलत बसले होते. त्यांनी एक घाटा फोडला आणि दाणा तोंडात टाकला.

"बळीराम पास झाला? वा! पेढे कुठायत?"

रेवती लोमटेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रागानं आलं, रडू म्हणून नाही. हे तिनंच नंतर चारचौघांत सांगितलं, तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

आता ही रेवती कोण? हे विचारत असाल तर तुम्ही अंबाजोगाईचे नव्हेत. बारावीला गणितात पैकीच्या पैकी पडले तेव्हा बापूंनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, चौकात तिचा हा एवढा फ्लेक्स लावला होता. पुढाऱ्यांचे फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठे होते, हा भाग वेगळा. पण मधोमध हीच होती. बापूंचं पाइप-मोटारींचं दुकान त्याच चौकात, त्यामुळे गिऱ्हाईक आलं की आधी फ्लेक्सकडे बोट, मग मोटारीची किंमत.

आणि मोमीन सर? कॉलेजात जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. दर रविवारी सकाळी घरच्या अंगणात सतरंजी टाकून वर्ग घ्यायचे. या अंगणातून उठून बाहेर पडलेली पोरं कुठं कुठं पोचली, हे सांगताना आमच्या गावाची छाती आजही फुगते.

सरांच्या वर्गाची रीत मात्र जगावेगळी.

भिंतीवरच्या फळ्यावर एक गणित. एकच. ज्याला सुटलं त्यानं उठून सरांना दाखवायचं. सर बघणार, "बरोबर" म्हणणार आणि लगेच "जा घरी" म्हणणार. शाबासकी नाही, पुढचं गणित नाही. चपला घालायच्या आणि चालू पडायचं.

ज्याला सुटलं नाही, तो बसून.

अकरावी-बारावीची दोन वर्षं रेवती सगळ्यांत आधी घरी गेली. एक रविवार चुकला नाही. चपला घालताना फरशीवर मुद्दाम आपटायची. मागं बसलेल्यांना कळायला नको का, की कोण निघालं?

बळीराम ढगे सगळ्यांत शेवटी जायचा. खेड्यातून सायकलवर यायचा, घाम पुसत बसायचा, आणि ऊन डोक्यावर आलं तरी त्याच्या चपला आपल्या दारातच.

मग दोघं एकाच वर्षी पुण्याला गेले. गणित आणि संगणकशास्त्र, असा जोड अभ्यासक्रम. पहिल्या सत्राचा निकाल लागला. आणि काय लागला, ते रेवतीनं वरच सांगितलं.

"बस," सर म्हणाले.

सतरंजीवर यंदाची पोरं बसली होती. माना वहीत, कान इकडे. फ्लेक्सवरची मुलगी नापास झालीय, ही बातमी आज दुपारपर्यंत गावभर होणार, हे रेवतीला कळत होतं. तरी ती बसली.

"पेपर अवघड होता?"

"अवघड नव्हता… वेगळा होता. सिद्ध करा, सिद्ध करा, नुसतं सिद्ध करा!"

"मग तू काय केलंस?"

"दोन प्रश्न लिहिले. असे लिहिले सर, की कुणाच्या बापाला चूक काढता येणार नाही."

"आणि बाकीचे?"

रेवती सतरंजीचा दोरा ओढायला लागली.

"बाकीचे?"

"…कोरे."

"का?"

"पूर्ण येत नव्हते. अर्धंमुर्धं लिहून द्यायला मी काय बळीराम आहे?"

सरांनी आणखी एक घाटा फोडला.

"बळीरामनं काय लिहिलं?"

आता रेवतीला हसू आलं. "ते ऐकाच तुम्ही. मेसमध्ये जेवताना त्यानं आपण होऊन सांगितलं, लाज नाही वाटली. त्यानं पेपरात चक्क लिहिलं, इथपर्यंत माझी खात्री आहे. पुढची पायरी मला सिद्ध करता येत नाही. ती खरी धरली, तर उरलेलं असं असं होतं… आणि पुढं सगळं लिहून मोकळा! आणि मार्क दिले हो त्याला! येत नाही म्हणून सांगितल्याचे मार्क!"

पोरांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं.

सर हसले नाहीत. "बरं लिहिलं त्यानं."

"कुठं शिकला असलं?"

"इथं."

"इथं? आम्हाला नाही कधी शिकवलं ते."

"तू घरी गेल्यावर शिकवायचो."

"म्हणजे?"

"तू घरी गेलीस, की वर्ग सुरू व्हायचा, बेटा."

रेवतीच्या हातातला दोरा तुटला. दोन वर्षांतले सगळे रविवार तिच्या डोळ्यांपुढून गेले. चपला आपटत ती फाटकाबाहेर पडायची, आणि तिच्या पाठीमागं अंगणात काय चालायचं ते तिनं एकदाही वळून पाहिलं नव्हतं. आपण जिंकून निघालोय, एवढंच तिच्या डोक्यात असायचं.

"काय चालायचं तेव्हा?" तिनं विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"काही नाही. ज्याचं अडलंय त्यानं सांगायचं, कुठं अडलं. येत नाही, एवढं म्हणून चालायचं नाही. नेमकं कुठं. मग बाकीच्यांनी ते ऐकायचं."

"आणि मला तुम्ही 'जा घरी' म्हणायचात!"

"म्हणायचो."

"मला बरोबर यायचं म्हणून मला शिकवायचं नाही, हा कुठला न्याय? थांबवायचं ना मला!"

"बळीरामला पण म्हणायचो जा घरी. त्याला सुटलं, की म्हणायचो."

"मग?"

"जायचा नाही. म्हणायचा, सर, बाकीच्यांचं कुठं अडलंय ते ऐकतो की."

यावर रेवती आणखी ताठली. लोमट्यांच्या घरातलं पाणी ते. वाकेल, पण वाकताना दिसणार नाही.

"जाऊ द्या सर. माझं ठरलंय. पुणं बंद. उद्यापासून लातूरला बँकेच्या परीक्षांचा क्लास. नवी बॅच सुरू होतेय, बापूंनी बोलून ठेवलंय, आज दुपारी फक्त हो म्हणायचं. तिथं चार पर्याय असतात, एक टिकमार्क करायचा. मिनिटाला एक. तिथं बघा मी कशी पहिली येते."

"येशील."

"नक्की?"

"शंभर टक्के. तिथं तुझ्यापुढं कुणी टिकायचं नाही."

खरं सांगायचं तर हेच ऐकायला ती आली होती. पुण्याहून गावापर्यंत एसटीत बसून तिनं हेच वाक्य सरांच्या तोंडी घालून पाहिलं होतं. आता ते आलं, आणि तिला काडीचा आनंद झाला नाही. उलट अपमान झाल्यासारखं वाटलं.

"बापू कधी यायलेत न्यायला?"

"दुकान बंद करून. तासाभरानं."

"मग तोवर एक बेरीज कर."

"बेरीज?"

"का? जमत नाही?"

सतरंजीवर पुन्हा फिस्सकन झालं. रेवतीनं पेन काढलं.

त्या दिवशी फळ्यावर होतं ते पोराटोरांचंच होतं. कोणतीही संख्या घ्या. तिचे अंक उलटे लिहा. दोन्ही मिळवा. जी बेरीज येईल ती पुन्हा उलटी करा, पुन्हा मिळवा. असं करत राहा, जोवर दोन्हीकडून सारखीच वाचता येणारी संख्या येत नाही. सत्तावन्न घेतली तर उलट पंचाहत्तर. बेरीज एकशे बत्तीस. तिची उलट दोनशे एकतीस. बेरीज तीनशे त्रेसष्ट. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, तीनशे त्रेसष्टच. झालं, सुटलं.

सरांनी प्रत्येकाला वेगळी संख्या दिली होती. रेवतीच्या पुढ्यात त्यांनी कागदाचा कपटा टाकला. त्यावर लिहिलं होतं, १९६.

"एवढंच?"

"एवढंच."

एकशे शहाण्णव आणि सहाशे एक्याण्णव. आठशे सत्याऐंशी. तिची उलट सातशे अठ्ठ्याऐंशी. सोळाशे पंचाहत्तर. रेवतीचं पेन सुसाट सुटलं. बेरीज वाढत गेली, आकडे लांब होत गेले, कागद भरला. तिनं कागद उलटवला. तीही बाजू भरली.

"सर, झालं," एक पोरगा उठला.

"बरोबर. जा घरी."

चपला वाजल्या. रेवतीनं वर पाहिलं नाही, पण आवाज तिला लागला.

मग दुसरा उठला. मग दोन पोरी एकदम उठल्या. रेवती वहीचं पान फाडून घेत होती.

शेवटी तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला. हातानं बेरजा करत बसायला ती काही खुळी नव्हती. प्रोग्रामिंगच्या तासाला तीच सगळ्यांत पुढं असायची, आणि दहा ओळींचं काम ते. उलट कर, मिळव, दोन्हीकडून सारखं झालं का बघ, झालं नसेल तर पुन्हा कर. लिहिलं, सुरू केलं, आणि हाताची घडी घालून बसली.

लॅपटॉप चालत राहिला.

आकडे पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले, खालच्या ओळीत उतरले, पडदा भरून वाहायला लागले. थांबायचं नाव नाही.

"काहीतरी चुकलं," ती पुटपुटली. तिनं सत्तावन्न घालून पाहिलं. ताबडतोब तीनशे त्रेसष्ट. अडुसष्ट घालून पाहिलं. अकराशे अकरा. एकोणनव्वद घातलं, त्यानं जरा वेळ खाल्ला, पण तेही आलं. प्रोग्राम लाख बरोबर होता. पुन्हा एकशे शहाण्णव. पुन्हा तेच.

"सर, माझा प्रोग्राम बरोबर आहे."

"मी कुठं नाही म्हणालो?"

"मग हा थांबत का नाही?"

"ते तू सांग."

रेवतीनं पडद्याकडे पाहिलं. "मला वाटतं… ही थांबतच नाही. कधीच नाही."

"कधीच?"

"लाखाच्या वर पायऱ्या झाल्या, सर."

"आणि पुढच्या पायरीला थांबली तर?"

पडद्यावर आणखी आकडे सरकले.

"एक बघून घे," सर म्हणाले. "नाही थांबली, तर त्याच्या पुढची बघ."

रेवतीनं लॅपटॉप मिटला. तिच्या मनात आलं ते असं, की हे यंत्र जन्मभर चाललं तरी या म्हाताऱ्याचा हा एक प्रश्न संपायचा नाही. तिनं कोरा कागद घेतला. आता बेरीज नव्हती करायची. ही बेरीज का थांबत नाही, ते शोधायचं होतं.

अंगण रिकामं झालं होतं. सगळी पोरं घरी गेली होती.

तिनं लिहिलं, खोडलं. लिहिलं, खोडलं. घाम आला. असं तिला कधी झालं नव्हतं, आणि झालं असेल तर ते परीक्षेत झालं होतं, आणि तिथं तिनं पान कोरं ठेवून वर मान करून पंख्याकडे बघितलं होतं. आताही हात तसाच निघाला. तिनं कागदाचा बोळा केला.

सरांनी हात पुढं केला.

"काय?"

"दे तो."

"यात काही नाही, सर. सगळं अर्धवट आहे."

सरांचा हात तसाच पुढं. शेवटी तिनं बोळा दिला. सरांनी तो मांडीवर ठेवून तळहातानं सपाट केला. सावकाश, एकेक सुरकुती काढत. मग चष्मा लावून वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून. खोडलेलं सुद्धा.

वाचणारा माणूस इतका मन लावून वाचत होता, की रेवतीला ओशाळल्यासारखं झालं. पैकीच्या पैकीचा पेपर सुद्धा कुणी असा वाचला नसेल.

"अडलं कुठं?" सरांनी विचारलं.

"मला नाही येत, सर."

"ते नाही विचारलं मी."

फाटकाबाहेर बापूंची मोटरसायकल येऊन थांबली. हॉर्न वाजला. रेवती जागची हलली नाही. ती कागदावर ओणवली होती, एकेका ओळीवर बोट ठेवत खाली येत होती. ही खरी. हीही खरी. ही… ही पण खरी. आणि ही?

बोट थांबलं.

"इथं," ती म्हणाली.

"काय आहे इथं?"

"हातचा." ती बोलायला लागली. आधी अडखळत, मग सरळ. "बेरजेत कुठंच हातचा आला नाही, तर दोन्हीकडून सारखीच संख्या येते. ते मी सिद्ध केलंय. पहिला अंक शेवटच्यात मिळवला काय आणि शेवटचा पहिल्यात मिळवला काय, एकच. इथपर्यंत माझी खात्री आहे. हातचा आला की बिघडतं. नेहमी नाही, कधी कधी येऊनही जमून जातं. पण हिच्यात हातचा येतच राहतो आणि बिघडवतच राहतो. पुढंही असाच येत राहील, असं मला वाटतंय. पण का येत राहील, ते मला सिद्ध करता येत नाही. या ओळीवरून या ओळीवर मला जाता येत नाही, सर. इथं अडलंय."

सांगताना तिची मान ताठ होती. निकालाच्या दिवसापासून खाली गेलेली मान, आज पहिल्यांदा वर आली होती. आणि तीही काय सांगताना? तर मला येत नाही, हे सांगताना. तिचं तिलाच नवल वाटलं. उत्तर आलेलं नव्हतं, आणि तरी फ्लेक्स लागला त्या दिवशी नव्हतं वाटलं असं काहीतरी छातीत भरून आलं होतं.

सर कागदाकडे बघत होते.

"रेवा!" बापू फाटकातून आत आले. हातात फोन. "किती हॉर्न वाजवायचा? नमस्कार सर. अगं, लातूरवाल्यांचा फोन चालू आहे. बॅच भरायलीय म्हणत्यात. हो म्हणू ना?"

"नाही म्हणा."

"आँ?"

"नाही म्हणा, बापू. मी पुण्याला चाललेय. तो पेपर पुन्हा देते."

बापूंनी फोनवर हात ठेवला. "आणि पुन्हा तसंच झालं तर? गावाला काय सांगू मी?"

"सांगा, पोरगी कुठं अडली ते तिला माहितेय."

बापूंना त्यातलं काही कळलं नाही. पण पोरीचा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. बारावीचा निकाल घेऊन दुकानात शिरली होती, तेव्हाचा होता. ते फोन कानाला लावून फाटकाकडे वळले. "नाही ओ साहेब… नाही जमायचं. आमची पोरगी गणितात हाय!" हे शेवटचं ते इतक्या मोठ्यानं बोलले, की समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन बघायला लागली.

"रेवा, निघायचं का?"

"तुम्ही व्हा पुढं. मला वेळ लागंल."

मोटरसायकल गेली. अंगणात ऊन आलं होतं.

रेवतीनं कागद आपल्याकडे ओढला. "सर, आता सांगा ना. या ओळीच्या पुढं कसं जायचं?"

सर खुर्चीवरून उठले. गुडघ्यावर हात टेकत, सावकाश खाली सतरंजीवर उतरले आणि तिच्या शेजारी मांडी घालायला जागा बघू लागले.

"सरक जरा, बेटा… मी पण इथंच अडलोय."